फोनमधले फोटो खरंच सेव्ह आहेत का? सिंक, बॅकअप आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपचा उपयोग

फोन हरवला, पाण्यात पडला किंवा एका सकाळी चालूच झाला नाही, तर पहिला प्रश्न असतो, "फोटो गेले का रे?" फोन नवीन घेता येतो. भाचीचं बारसं, कॉलेजची शेवटची ट्रिप, आजोबांचा शेवटच्या दिवाळीतला व्हिडिओ परत काढता येत नाही. तरीही आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपले फोटो नक्की कुठे आहेत, त्यांच्या किती कॉपी आहेत आणि त्यातली कुठली कॉपी खरी ओरिजिनल आहे हे सांगता येत नाही. "गुगलवर असतील ना!" एवढंच उत्तर येतं.

फोटोग्राफीचा नाद असो वा नसो, हा विषय एकदा नीट समजून घेतला की पुढची अनेक वर्षं कामाला येतो. म्हणून सुरुवात अगदी फाईलपासून करूया.

एका फोटोच्या फाईलमध्ये काय काय असतं

तुमच्या फोनवर ५० किंवा २०० मेगापिक्सेल लिहिलेलं असलं, तरी नेहमीच्या मोडमध्ये फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचाच निघतो. शेजारचे ४ किंवा १६ पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक मोठा पिक्सेल बनवला जातो, त्याला पिक्सेल बिनिंग म्हणतात. कमी उजेडात त्याचा फायदा होतो, त्यामुळे यात फसवणूक वगैरे काही नाही.

१२ मेगापिक्सेलच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशी ३ बाइट्स लागतात, म्हणजे एका फोटोला ३६ एमबी जागा हवी. पण गॅलरीत तोच फोटो ३ ते ५ एमबीचा दिसतो. ही करामत जेपेगची. १९९२ सालचं हे स्टँडर्ड फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही. त्यामुळे जेपेग फाईल पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस झाली की दर वेळी थोडं काहीतरी हरवतं. आयफोनने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर हाइक हा फॉरमॅट आणला. त्यात साधारण त्याच क्वालिटीला जवळपास निम्मी जागा लागते, पण काही जुन्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडत नाही.

चित्राबरोबरच फाईलमध्ये एक्झिफ नावाची माहिती चिकटलेली असते. फोटो कधी काढला, कुठल्या फोनने काढला, शटर स्पीड आणि आयएसओ किती होता, आणि लोकेशन चालू असेल तर कुठे काढला हेही त्यात असतं. "१५ ऑगस्टचे फोटो दाखव" म्हटल्यावर गॅलरी जे शोधून देते, ते याच माहितीच्या जिवावर. आज तिचं महत्त्व वाटत नाही. दहा वर्षांनी ४० हजार फोटोंमधून एक शोधायचा असेल तेव्हा तीच उपयोगी पडते.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ओरिजिनल नसतो

आपल्याकडे घरातल्या कार्यक्रमाचे फोटो गोळा होतात ते व्हॉट्सॲप ग्रुपवर. मावसभावाने मुंजीचे ८० फोटो टाकले, आपण सगळे डाउनलोड केले, झालं काम. पण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दोन गोष्टी करतं. एक, फोटोचा साईज कमी करून तो पुन्हा कॉम्प्रेस करतं. दोन, एक्झिफ माहिती काढून टाकतं. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, त्यात क्वालिटी बरी राहते, पण तोही ओरिजिनल नाहीच.

मोबाईलच्या स्क्रीनवर फरक कळत नाही. मोठ्या फ्रेमसाठी प्रिंट काढायला गेलात की चेहरे मऊ, मेणासारखे दिसायला लागतात. आणि तारखेचा घोळ वेगळाच. मुंज एप्रिलमध्ये झाली आणि फोटो जूनमध्ये आले, तर फाईलच्या नावात जूनची तारीख येते. आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि आकडा असं नाव दिसलं की समजायचं, फोटो व्हॉट्सॲपमधून आलाय आणि नावातली तारीख काढल्याची असेलच असं नाही.

उपाय सोपा आहे. पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव." पिनच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवडलं की फाईल जशीच्या तशी येते, एक्झिफसकट. मात्र त्याबरोबर लोकेशनही येतं हे लक्षात ठेवा. घरात काढलेला फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून पाठवणं म्हणजे घराचा पत्ता देण्यासारखंच. खूप फोटो असतील तर शेअर्ड अल्बमची लिंक किंवा थेट फोन ते फोन क्विक शेअर, एअरड्रॉप जास्त सोयीचं पडतं.

जुन्या अल्बममधले कागदी फोटो फोनने स्कॅन करत असाल तर हीच गंमत उलट्या बाजूने होते. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो गॅलरीत आजच्या तारखेला जाऊन बसतो. गुगल फोटोजमध्ये तारीख बदलता येते, पण तो बदल ओरिजिनल फाईलमध्ये लिहिला जात नाही. पुढे गुगल टेकआउट वापरून सगळे फोटो उतरवले की बदललेली तारीख शेजारच्या वेगळ्या जेसन फाईलमध्ये येते आणि फोटोत जुनीच राहते. कॉम्प्युटर असेल तर एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर तारीख थेट फाईलमध्ये लिहितं. ते काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन चालतं, त्यामुळे पहिल्यांदा कटकटीचं वाटेल. पण शेकडो फोटोंच्या तारखा एका ओळीत बदलतात, हे एकदा पाहिलं की त्याची किंमत कळते.

सिंक म्हणजे बॅकअप नाही

या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

सिंक म्हणजे दोन ठिकाणं एकसारखी ठेवणं. इथे जे बदललं ते तिथे बदलणार, इथे जे डिलीट झालं ते तिथेही डिलीट होणार. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली कॉपी. मूळ फाईलचं काहीही झालं तरी ती जागेवर राहते.

आता नेहमीचा प्रसंग बघा. फोनमध्ये "स्टोरेज फुल" आलं. फोटो गुगलवर आहेतच, असं म्हणून कुणीतरी गुगल फोटोज ॲप उघडतं, २ हजार फोटो निवडतं आणि डिलीट दाबतं. फोन मोकळा होतो. पण बॅकअप झालेले फोटो या ॲपमधून डिलीट केले की ते फोनमधूनही जातात आणि क्लाउडमधूनही. ट्रॅशमध्ये ते ६० दिवस असतात, त्यानंतर कायमचे जातात. दोन महिन्यांनी शोधायला गेलात तर काही उरलेलं नसतं. आयक्लाउड फोटोजचंही तसंच आहे. तिथे रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस मिळतात.

जागा मोकळी करायची असेल तर गुगल फोटोजमध्ये "फ्री अप स्पेस" हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली कॉपी काढतो, क्लाउडमधली ठेवतो. आयफोनवर "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू केलं की फोनमध्ये छोटी आवृत्ती राहते आणि ओरिजिनल आयक्लाउडमध्ये. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, पण हे केल्यावर ओरिजिनलची एकच कॉपी उरते आणि तीही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या पासवर्डमागे.

त्या पासवर्डचीही एक गोष्ट आहे. अकाउंटला जोडलेला मोबाईल नंबर बदलला, जुना नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळाला, की ओटीपी त्याच्याकडे जाणार. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं असेल तर बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि जे गुगल अकाउंट सलग २ वर्षं वापरलंच नाही, ते गुगल डिलीट करू शकतं. फक्त फोटोंसाठी काढलेलं दुसरं, तिसरं अकाउंट असेल तर वर्षातून दोनदा तरी उघडून बघा.

फोन तर फोन, त्यातली मेमरी काढून दुसरीकडे लावू असंही आता जमत नाही. हल्लीच्या फोनमध्ये स्टोरेज एन्क्रिप्टेड असतं आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये असते. मदरबोर्ड दुरुस्तच होणार नसेल, तर मेमरी धडधाकट असूनही आतले फोटो वाचता येत नाहीत. रिपेअरवाला "डेटा निघणार नाही" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो.

१५ जीबीत किती मावतं

गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा "हाय क्वालिटी" फोटोंना अमर्याद जागा फुकट होती. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता जीमेल, ड्राईव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी. ४ एमबीचा एक फोटो धरला तर सगळी जागा फोटोंना दिली तरी पावणेचार हजार फोटो होतात. आणि फोरके व्हिडिओ काढत असाल तर एका मिनिटालाच दोन-तीनशे एमबी सहज जातात. "स्टोरेज सेव्हर" निवडलं की १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढे लहान होतात आणि व्हिडिओ जास्तीत जास्त १०८०पी राहतो. शेअर करायला आणि छोट्या प्रिंटला पुरतं. कॅमेरा वापरणाऱ्यांनी मात्र ओरिजिनल क्वालिटी घ्यावी किंवा ओरिजिनल घरी ठेवावेत. जागा विकत घेणं वाईट नाही. फक्त ते भाडं आहे हे माहीत असू द्या.

तीन कॉपी, दोन प्रकार, एक घराबाहेर

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम आजही सर्वात कामाचा आहे. फोटोच्या ३ कॉपी ठेवायच्या, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर.

घराबाहेरचीच कॉपी लोक गाळतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घरात शिरलं. अशा वेळी लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि कागदी अल्बम एकाच कपाटात असतील तर तिन्ही एकाच वेळी जातात. चोरी आणि शॉर्टसर्किटचंही तेच. म्हणून एक कॉपी क्लाउडवर ठेवा, नाहीतर दुसऱ्या गावी राहणाऱ्या काका-मामाकडे एक हार्ड डिस्क ठेवून दर गणपतीला किंवा दिवाळीला ती बदलत जा. हा दुसरा मार्ग जुनाट वाटतो, पण त्याला महिन्याचं भाडं नाही.

घरातला जुना लॅपटॉप कामाला लावा

खरी मजा इथे आहे. बहुतेक घरांत एक जुना लॅपटॉप पडलेला असतो. विंडोज ११ त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून बघा. फोटो साठवायला ताकदवान प्रोसेसर लागत नाही. ४ जीबी रॅम आणि चांगली हार्ड डिस्क असली तरी साधं काम चालतं.

लाईट बिलाचं गणित आधी करूया, कारण घरात पहिला प्रश्न तोच येणार. स्क्रीन बंद असलेला जुना लॅपटॉप साधारण १५ वॅट घेतो असं धरलं, तर २४ तास आणि ३० दिवसांचे होतात १०.८ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ४३ युनिट. तुमच्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा. दिवसभर चालू ठेवायचीही गरज नाही, रात्री २ तास पुरतात. लॅपटॉपची बॅटरी अजून थोडी जीव धरून असेल तर लाईट गेल्यावर ती छोट्या यूपीएसचं काम करते. पण बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर आलेलं दिसत असेल, तर तो लॅपटॉप अजिबात चालू ठेवू नका. आधी बॅटरी काढायला द्या.

आता फोटो फोनमधून तिकडे कसे जाणार? यूएसबी केबल हा सगळ्यात साधा मार्ग. बजेट फोनमध्ये अजूनही यूएसबी २.० असतं, त्यामुळे ६० जीबी कॉपी करायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. केबलने कॉपी करताना फाईलची तारीख आजची दिसू शकते, घाबरू नका, आतलं एक्झिफ बदललेलं नसतं. एकाच वेळी १० हजार फाईल्स ओढू नका. डीसीआयएम फोल्डरमधून टप्प्याटप्प्याने घ्या आणि दोन्हीकडचा फाईल्सचा आकडा जुळतोय का बघा.

रोज आपोआप व्हायला हवं असेल तर सिंकथिंग हे मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. घरच्या वायफायवर फोन आणि लॅपटॉप थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कुठली कंपनी नाही. अँड्रॉइडचं मूळ ॲप २०२४ च्या शेवटी बंद झालं, आता लोक सिंकथिंग-फोर्क वापरतात. पण नावातच सिंक आहे हे विसरू नका! फोनमध्ये डिलीट केलं की लॅपटॉपवरही डिलीट होणार. फोनच्या बाजूला "सेंड ओन्ली" ठेवलं तरी डिलीट पुढे जातंच. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला फाईल व्हर्जनिंग चालू करा. मग डिलीट झालेली फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते.

गुगल फोटोजसारखं दिसणारं, चेहरे ओळखणारं, नकाशावर फोटो दाखवणारं काही घरीच हवं असेल तर इमिच बघा. फोटो आणि चेहरे ओळखण्याचं काम, दोन्ही तुमच्याच मशीनवर राहतं. त्याला रॅम मात्र जास्त लागते, ८ जीबी असेल तर बरं. बसवायला डॉकर शिकावं लागतं, एक रविवार जाईल. इमिच बनवणारे स्वतःच सांगतात की आमच्यावर एकट्यावर विसंबू नका, ३-२-१ पाळा. घराबाहेरून फोटो बघायचे म्हणून राउटरचे पोर्ट उघडे करू नका. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड कनेक्शनवर ते चालतही नाही, आणि चाललं तर बाहेरचे लोकही दार ठोठावायला लागतात. टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क त्यापेक्षा सुरक्षित आणि बसवायलाही सोपं आहे.

हार्ड डिस्क, एसएसडी, पेनड्राईव्ह: कशावर किती भरवसा

आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा लॅपटॉपवरचे फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून ठेवा. "काढून ठेवा" हा शब्द महत्त्वाचा. जोडलेलीच ठेवली तर रॅन्समवेअर व्हायरस तिच्यावरच्या फाईल्सही लॉक करतो आणि विजेचा झटका दोन्हीला एकदमच बसतो. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराने फसवलेलं नसतं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तेवढ्या जागेत ४ एमबीचे सुमारे अडीच लाख फोटो मावतात.

कायम कपाटात ठेवायच्या कॉपीला फिरणारी हार्ड डिस्कच बरी. एसएसडी वेगवान असते, पडली तरी सहसा वाचते, पण वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरत जाऊ शकतो. पेनड्राईव्ह फोटो नेण्या-आणण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही. आणि खूप स्वस्तात मिळणारा "२ टीबी" पेनड्राईव्ह हमखास खोटा असतो. आत जेमतेम ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती भरली की पुढचं सगळं हवेत जातं, तेही एरर न दाखवता. नवीन कार्ड किंवा पेनड्राईव्ह घेतला की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवून बघा. ते पूर्ण जागा भरतात आणि परत वाचून तपासतात.

हार्ड डिस्क मरण्याआधी अनेकदा, पण नेहमी नाही, इशारा देते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. "रीअलोकेटेड सेक्टर्स" किंवा "करंट पेंडिंग सेक्टर्स" पुढचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर आधी डेटा काढा, बाकी सगळं नंतर.

एकदा उघडून बघा

बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नाही. गणपतीला डिस्क जोडाल तेव्हा वेगवेगळ्या वर्षांतले दहा-बारा फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ उघडा. झूम करा, व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा. नुसती छोटी चित्रं दिसली म्हणून समाधान मानू नका, फाईल अर्धवट कॉपी झाली असली तरी छोटं चित्र व्यवस्थित दिसू शकतं. फोल्डरचे साईज दोन्हीकडे ताडून बघा.

आणि हे सगळं घरात एकट्यालाच माहीत असेल तर तेही धोक्याचं. डिस्क कुठे आहे, लॅपटॉपचा पासवर्ड काय आहे हे बहिणीला किंवा आईला सांगून ठेवा. गुगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" नावाची सोय आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने अकाउंट वापरलं गेलं नाही तर त्यातला निवडक डेटा कुणाला द्यायचा, अशी जास्तीत जास्त १० माणसं तिथे नेमता येतात. डेटा अँड प्रायव्हसीच्या पानावर अगदी खाली जा, तिथे हा पर्याय सापडेल.